नळी खाली येत नाही

सरकारला शिपायांच्या डोक्यांची फार काळजी होती. मुंबईसकट महाराष्ट्र मागणारे लोक दगड मारत, आणि गाडीच्या टपावर बंदूक घेऊन उभ्या असलेल्या शिपायाचं डोकं नेमकं दगडाच्या टप्प्यात येई. म्हणून बंदूक टपावरच ठेवावी, शिपायाने पोलादी पेटीत बसावं, आरशात बघून चाक फिरवावं आणि तार ओढावी, अशी योजना निघाली. काम चिंचपोकळीच्या गंगाधर मिस्त्रीकडे आलं. तो नाही म्हणाला नाही. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

शिलाई मशिनचं चाक, सायकलच्या ब्रेकची तार आणि न्हाव्याच्या दुकानातला आरसा एवढ्यात यंत्र उभं राहिलं.

"आपण हे करायचं?" लेथवरचा भिवा म्हणाला. "मोर्च्यात माझा भाऊ असतो. तुझी बायको असते."

"आपण नाही केलं तर दुसरा करेल. आणि तो नीट करेल."

गंगाधरने नीट केलं नाही. नळीच्या बैठकीत त्याने वेल्डिंग करून एक खुंटी बसवली. नळी वर हवी तेवढी जाई. खाली आणली की खुंटीवर अडे. समोरच्या गोदामाच्या भिंतीवर खडूची रेघ ओढून त्याने नेम तपासला. खांद्यावर पोर घेतलेल्या माणसाच्याही पार वरून गोळी जात होती.

"म्हणजे कावळे मरतील," भिवा हसला.

"मरू देत. ते कुठे महाराष्ट्र मागतायत?"

घरी लालबागला तिसऱ्या मजल्यावर सुभद्रा उद्याच्या मोर्च्यासाठी लुगडं काढून बसली होती. खुंटीचं तिला सांगायची सोय नव्हती. सकाळी नळावर सगळ्या चाळीला कळलं असतं. आणि स्वतःच बसवलेली असल्यामुळे गंगाधरचा खुंटीवर पुरता भरवसाही नव्हता.

"उद्या जायचं नाही."

"वा! तुम्ही त्यांच्या बंदुका करायच्या आणि मी घरात बसायचं?"

"अगं, एक दिवस ऐक माझं."

"गॅलरीतून तरी बघू, की डोळे मिटून घेऊ?"

"बघ की. गॅलरी म्हणजे घरच."

चाळीत कोणीही हेच म्हणालं असतं. गॅलरीत तांदूळ निवडतात, वेण्या घालतात, भांडतात. तिथे जायला कोणी चपला घालत नाही. गंगाधरच्या हिशेबात रस्ता होता, आभाळ होतं, आणि मध्ये कावळे होते.

मोर्चा आला, दगड आले, गाडी आली. बंदूक चालली. रस्त्यावर कोणाला ओरखडासुद्धा उठला नाही. पळालेले लोक थांबले. "अरे, हवेत मारतायत!" कोणीतरी ओरडलं, आणि लोक हसले. मग वरून किंकाळी आली.

गंगाधर जिने चढून पोचला तेव्हा शेजारणींनी सुभद्राला कठड्यापासून ओढून उंबऱ्यावर निजवलं होतं, अर्धी घरात, अर्धी गॅलरीत. पायांत चपला नव्हत्या.

सुभद्राचे दिवस उरकल्यावर गाडी पुन्हा कारखान्यात आली. गाडीबरोबर आलेले साहेब खूश होते.

"यंत्र फर्स्टक्लास, मिस्त्री. आतल्या शिपायाला काही लागलं नाही, काही कळलंही नाही. एकच दोष. नळी खाली येत नाही. त्यापायी वर चाळीत कोणी बाई गेली, विनाकारण. खाली आली असती तर वाचली असती ना बिचारी?"

"हो साहेब," गंगाधर म्हणाला.

"उद्या गाडी पाहिजे."

साहेब गेले. गंगाधर छिन्नी घेऊन टपावर चढला. भिवाने लेथ बंद केला.

"काढू नको, गंगा. भाऊ रोज खाली असतो माझा."

"आणि वर कोण असतं?"

दोघांनी मिळून भिंतीवरच्या खडूच्या रेघेकडे पाहिलं. तिच्या वरही भिंत होती, तिच्या खालीही.

गंगाधरने पहिला घाव घातला. खुंटी त्याने मन लावून बसवली होती. निघता निघता दिवस मावळला.