वहीत नसलेला तास

सगळे तिला डॉक्टर म्हणत, पण तिने आजवर एकाही माणसाला साधी तापाची गोळी दिली नव्हती. तिची डॉक्टरकी रसायनशास्त्रातली. गेली सात वर्षं ती एकाच रोग्याच्या उशाशी बसून होती आणि तो रोगी म्हणजे बुटाचा तळ चिकटवायचा गोंद. बाजारात मिळतो त्या गोंदाला उग्र वास असतो. तो वास नाकात घेत तिच्या आईने वीस वर्षं बूट चिकटवले आणि शेवटी शेवटी बोटं बधिर होऊन तिला स्वतःची बटणंही लावता येईनाशी झाली. डॉक्टरच्या गोंदाला तसला वास नव्हता. कागदाच्या गिरणीत वाया जाणाऱ्या तपकिरी भुकटीत चिकट राळ मिसळून तो नुसत्या पाण्यात तयार व्हायचा. निदान पाच लिटरच्या काचेच्या भांड्यात तरी व्हायचा.

पाचशे लिटरच्या टाकीत मात्र घोडं अडलं होतं. दोनदा करून पाहिला आणि दोन्ही वेळा नासलेल्या दुधासारखा फाटला. आज तिसरी आणि शेवटची खेप. बूट कारखान्याची तपासनीस बाई सकाळपासून टाकीसमोर खुर्ची टाकून बसली होती. आज जमलं नाही तर तिचा कारखाना जुनाच गोंद वापरत राहणार होता, या शेडला कुलूप लागणार होतं आणि डॉक्टर नोकरीला जाणार होती, तीही तोच उग्र गोंद बनवणाऱ्या कंपनीत. त्या कंपनीचं पत्र तिच्या पर्समध्ये होतं. पाचच्या आत हो की नाही कळवायचं होतं.

खरं सांगायचं तर तिला भीतीही वाटत नव्हती. घाबरायलासुद्धा अंगात थोडं त्राण लागतं.

कोडं असं होतं की काचेच्या भांड्यातला गोंद दादाच्या हातून कधीच बिघडला नव्हता. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, अर्धी शाळा शिकलेला, पहिल्या दिवसापासून तिच्या मदतीला. ती स्वतः करायची तेव्हा गोंद कधी जमायचा, कधी फाटायचा. "यांच्या हातालाच गुण आहे," असं वहिनी म्हणायची आणि डॉक्टरच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हाताचा गुण कुठल्या मापात मोजायचा? तिने दादाची वही ओळन् ओळ तपासली होती. पाणी किती गरम, भुकटी किती, सगळं तंतोतंत. 'भुकटी टाकून दहा मिनिटं ढवळणे, मग राळ सोडणे.' टाकीवरच्या कामगारांनीही वही बघून, घड्याळ लावून तेच केलं होतं.

दुपारी एक वाजता भुकटी पडली, ढवळणी घरघरायला लागली. दादाने हात पुसले आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या पोत्यांकडे चालू लागला.

"कुठे निघालास?"

दादा थबकला. "कुठे नाही गं छोटे. पाय आपले निघाले."

"पण कुठे?"

"पोत्यांकडे." तो कान खाजवत म्हणाला, "ढवळणी चालू झाली की जरा पाठ टेकायची सवय आहे ना."

"कधीपासूनची?"

"पहिल्यापासूनची. तू आत लिहीत असतेस तेव्हा. जेवलो की भुकटी टाकायची आणि आडवं व्हायचं, तासभर. जाग आली की राळ सोडायची."

"वहीत दहा मिनिटं लिहिलंयस!"

"दहा मिनिटांत विरघळलेली दिसते ना, म्हणून दहा. झोपलो असं लिहिलं असतं तर तू मला जिवंत ठेवलं असतंस का?"

ती त्याला फाडून खाणार होती, तेवढ्यात तिला आठवलं. पहिल्या वर्षी दादाला एकदा स्टुलावर पेंगताना तिने पकडलं होतं. दोन कामगारांसमोर ती ओरडली होती, "ही काय धर्मशाळा आहे? झोपायचं तर घरी जा आणि परत येऊ नकोस." ते आईचे शेवटचे महिने होते. रात्रीची जागरणं दादा एकटा काढत होता. हिला प्रयोग होते.

"मॅडम, दहा मिनिटं झाली," टाकीवरचा कामगार ओरडला. "राळ सोडू?"

"थांबा!"

तपासनीस बाईने चष्मा वर केला. "कागदावर तर दहाच लिहिलंय."

"कागद चुकलाय. एक तास हवा."

"कोणी चुकवला?"

दादाने मान खाली घातली.

"मी," डॉक्टर म्हणाली.

"आणि त्या तासात होतं काय?"

"भुकटी डोळ्यांना विरघळलेली दिसते, पण आत बारीक गुठळ्या राहत असणार. त्या सुटायला वेळ लागत असेल." फोन येऊन राळ सोडायला खोळंबा व्हायचा, नेमका त्याच दिवशी आपल्या हातचा गोंद जमायचा, हे तिला आत्ता आठवत होतं. "पण हा अंदाज झाला. पक्कं एवढंच ठाऊक आहे की माझा भाऊ झोपतो आणि गोंद होतो."

बाईला हसू आवरलं नाही. तिने घड्याळ बघितलं आणि पुन्हा टेकून बसली.

"आता उभी राहून काय टाकीला धाक दाखवणार आहेस?" दादाने पोतं झटकून अंथरलं. "टेक जरा."

ती नाही नाही म्हणत टेकली. सात वर्षांत भर दुपारी ती प्रथमच आडवी झाली असेल.

डोळे उघडले तेव्हा अडीच वाजले होते. ती धडपडत उठली. "राळ?"

"वेळेवर सोडली."

टाकीत बुडवलेल्या सळईवरून गोंद अखंड धारेने उतरत होता. कुठे गुठळी नव्हती. दादाने तो लावून चामड्याचे दोन तुकडे चिकटवले आणि वाळू दिले. मग तपासनीस बाईने ते हातात घेतले आणि दात-ओठ खाऊन ओढले. चामडं टरकन फाटलं, जोड जिथल्या तिथे राहिला. तिने कागदावर सही केली.

पाच वाजून गेले. पत्र पर्समध्येच राहिलं. डॉक्टरने दादाची वही उघडली, 'दहा मिनिटं' खोडून 'एक तास' लिहिलं. आनंदाने नाचावंसं वाटायला हवं होतं, पण तिला रडू येत होतं.

"दादा, तेव्हा सांगायचंस तरी. रात्रभर आईजवळ बसून आलोय म्हणून."

"सांगितलं होतं की," दादा पोत्याची घडी घालत म्हणाला. "तू वही बघत होतीस."