ऐकून घेण्याची उजळणी

चौक गावच्या शाळेत मी मराठी शिकवत असे, आणि त्याशिवाय मार्गदर्शन शिक्षकही होतो. दहावीनंतर काय करावं, अभ्यासात मन का लागत नाही, घरी काय बिनसलं आहे, हे मुलांनी माझ्याशी येऊन बोलावं अशी ती व्यवस्था. मुलं फारशी येत नसत. हे काम माझ्याकडे आलं ते माझ्या अंगच्या कुठल्या गुणामुळे नव्हे. बाकीच्यांना कवायत, सहल, स्काउट असं काहीतरी होतं आणि मी ग्रंथालयात रिकामा सापडलो, एवढंच.

दर तीन वर्षांनी आम्हा मार्गदर्शन शिक्षकांना पाच दिवसांच्या उजळणी वर्गासाठी मुंबईला जावं लागे. अठ्ठ्याहत्तर सालच्या वर्गाला कारखानीस बाई होत्या. त्या म्हणाल्या, "आजवर तुम्ही केलंत त्याला सल्ले वाटणं म्हणतात. आता ऐकायला शिका. समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालू नका. तो म्हणाला तेच शांतपणे त्याला परत सांगा, म्हणजे त्याचं त्यालाच उमगतं. आणि मन जुळेपर्यंत कशालाच नाही म्हणू नका." अशा रीतीने केलेलं एक संभाषण प्रत्येकाने लिहून पाठवायचं होतं. त्याशिवाय प्रमाणपत्र मिळणार नव्हतं.

मला तो वर्ग फार आवडला. सल्ला द्यायचा मला मुळातच धीर होत नसे.

"म्हणजे पाच दिवस मुंबईत राहून गप्प बसायला शिकून आलात," आमची जिजा म्हणाली. "अहो, ते तर तुम्हाला आपल्या लग्नापासून येतंय."

दोनच दिवसांनी चांगो आमच्या ओटीवर येऊन बसला. त्याची भातशेती गावाबाहेरच होती आणि त्याची शकू आदल्या वर्षी माझ्या हाताखालून दहावी झाली होती. तिला अलिबागला नर्सिंगला जायचं होतं. अर्ज मीच भरून दिला होता, फक्त त्यावर बापाची सही हवी होती आणि मुदतीला तीन आठवडे उरले होते. चांगो त्यासाठीच आला असेल असं मला वाटलं. निदान लिहून पाठवायला एक संभाषण तरी मिळेल, म्हणून मी सरसावून बसलो.

"गुरुजी, शकूचा मला लय घोर लागलाय."

"तुम्हाला शकूचा घोर लागला आहे," मी म्हणालो.

"तेच सांगतोय. नर्सबाई व्हायचं म्हनते. चौघांत काय सांगू मी?"

"चौघांत काय सांगावं, असा तुम्हाला प्रश्न पडला आहे."

चांगोने मला नीट निरखून पाहिलं. मग आतल्या दाराकडे मान वळवली. "वयनी, गुरुजींना बरं हाय ना?"

"मुंबईहून आलेत," जिजा आतून म्हणाली. "चार दिवसांत उतरेल."

पण पुढे चांगो मोकळा झाला. तासभर बोलला. मोहोपाड्याच्या कारखान्यात नागू नावाचा मुलगा होता. कॉलनीत खोली, खोलीत नळ. घरचे येत्या रविवारी मुलगी बघायला येणार होते. मी एकदाही त्याला अडवलं नाही. शेवटी त्याने कमरेची चंची सोडली, पान लावलं आणि माझ्यापुढे धरलं. मी पान खात नाही. पण बाईंचं वाक्य आठवलं आणि मी ते दोन्ही हातांनी घेतलं. चांगो समाधानाने उठून गेला.

जिजा बाहेर आली. "पान घेतलंत?"

"हो."

"मुलीचा बाप सगळं सांगून झाल्यावर देतो, ते पान?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडे मुलीचा बाप लग्नाची सगळी हकिगत सांगतो, ऐकणारा कुठेही मोडता घालत नाही आणि शेवटी पान घेतो. म्हणजे तो त्या लग्नातला मधला माणूस झाला. बोलणी त्याने करायची. बावीस वर्षं या भागात राहून मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या घटकेला मी मनाने मुंबईच्या वर्गातच बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी शकू ग्रंथालयात आली. पुस्तक घ्यायला आली नव्हती.

"गुरुजी, नर्सिंगचा अर्ज तुमीच भरलात आन लगीन बी तुमीच जमवताय? काय ते एक ठरवा की!"

"मी काही जमवत नाही, शकू."

"पान खाल्लंत ना?"

"खाल्लं नाही. नुसतं घेतलं."

"वा! म्हनजे लगीन पन अर्धंच लागंल." तिने हसण्याचा प्रयत्न केला, पण तिचे डोळे भरले होते. "रविवारी ठरलं तर आबा सही नाय करनार, गुरुजी."

पान परत करावं म्हणून मी दोनदा चांगोच्या बांधापर्यंत गेलो आणि दोनदा परत आलो. जिजाने तर ते बोलूच नका म्हणून सांगितलं. पान परत केलं की मुलीत खोट निघाली असं गाव धरून चालतं.

रविवारी चांगोच्या ओटीवर घोंगडी अंथरली होती. नागू, त्याची आई सोनाबाई, काका मालोजी आणि कॉलनीतली चारपाच माणसं. मधल्या माणसाने सुरुवात केल्याशिवाय कुणी विषय काढायचा नसतो. मी दोन वाक्यं पाठ करून गेलो होतो. तिथे सगळे चेहरे माझ्याकडे वळले आणि दोन्ही वाक्यं नाहीशी झाली.

"गुरुजी काय ध्यानाला बसलेत?" मालोजीने विचारलं.

मला येत होतं तेवढंच मी केलं. चहा घेऊन आलेल्या शकूला म्हणालो, "शकू, तुला काय हवं ते तू सांग. मी ऐकतो."

चांगोने डोळे वटारले. पण मधल्या माणसाला पाहुण्यांदेखत गप्प करणं म्हणजे स्वतःचाच अपमान. शकूने तबक खाली ठेवलं.

"मला अलिबागला नर्सिंग शिकायचंय. ते झाल्यावर लगीन करीन. आता नाय."

आणि मी, निव्वळ नव्या सवयीने, ते परत सांगितलं. "शकूला नर्सिंग शिकायचं आहे. आत्ता लग्न करायचं नाही."

ओटीवर कुजबुज झाली.

"ऐकलंत?" मालोजी म्हणाला. "पोरगी बोलली ते पोरीचं. मधला बोलला ते घरचं झालं. मंग आमाला बोलावलंत कशाला, चांगोबा?"

मी काय करून बसलो ते मला तेव्हा कळलं आणि तिथून पळून जावंसं वाटलं. सोनाबाई मात्र बशीतला चहा संपवून म्हणाली, "आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईचा सुई टोचताना हात कापतो. हिचा नाय कापायचा."

"मला बी काय घाई नाय," नागू घोंगडीकडे बघत म्हणाला.

"तुला इचारलं का रं कुनी?" मालोजी गरजला. पण पाहुणे उठले ते भांडून नव्हे, नुसतेच उठले.

चांगो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी अर्ज घेऊन आला.

"गुरुजी, चौघांत माझी शोभा केलीत."

"चौघांत तुमची—"

"बास! परत सांगू नका. ऐकलंय मी." त्याने पेन मागितलं आणि एकेक अक्षर दाबत सही केली. "उद्या कोन म्हनाया नको, चांगोच्या घरचा शबूद फिरला. तुमच्या तोंडून गेला ना तो. आन मधल्याचं काम पोरगी नांदाया लागेस्तवर असतं. अलिबागला तुमीच पोचवायची."

हे सगळं मी प्रामाणिकपणे लिहून कारखानीस बाईंना पाठवलं. लाल शाईत उत्तर आलं. मार्गदर्शकाने सल्लार्थीला दहा माणसांत बोलायला लावू नये. त्याने लग्नाच्या बोलणीत बसू नये. प्रमाणपत्र तूर्त देता येत नाही, पुढच्या वर्षी वर्गाला पुन्हा यावं. त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

शकूची निवड झाली. जुलैत तिची ट्रंक घेऊन मी एस.टी.ने अलिबागला गेलो. वसतिगृहाच्या मेट्रन बाईंनी वही उघडली.

"आपण हिचे कोण?"

वडील नव्हतो, काका नव्हतो. मधला माणूस म्हणावं तर लग्न कुठे होतं? मी खिशातला रुमाल शोधू लागलो.

"पाठराखीन हायेत माझी," शकू म्हणाली. "नवरीसंगं सासरी येते तशी."

मेट्रन बाई हसल्या नाहीत. पुरुषांनी फाटकापर्यंतच यायचं, एवढं त्यांनी मला सांगितलं. शकूने माझ्या हातातून ट्रंक घेतली, तिच्या वजनाने एका बाजूला कलली, आणि तशीच तिरकी चालत आत गेली.