डावीकडची सीट

मुलुंडच्या त्या सोसायटीत मार्तंडरावांची लाल गाडी ठाऊक नाही असा माणूस नव्हता. दोनच सीटची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार. कंपनीचा गोरा साहेब मायदेशी जाताना विकून गेला, ती यांनी घेतली आणि लेकरासारखी जपली. गाडीला कुणी नावं ठेवली की मार्तंडराव दोन दिवस धुमसत. रस्त्यात अ‍ॅम्बॅसिडर दिसली की मात्र "चालली बघ पावाची लादी" म्हणून स्वतः खुशाल हसत.

दर वर्षी गणपती यायचा तो या गाडीतूनच. मार्तंडराव चालवत आणि शेजारी वसुधाबाई मांडीवर पाट घेऊन बसत. पाटावर रुमालानं तोंड झाकलेली मूर्ती. गेल्या वर्षी मात्र फजिती झाली. गाडी दारात थांबली आणि वसुधाबाईंना उठताच येईना. सीट जवळजवळ जमिनीला टेकलेली, कंबर धरलेली आणि मांडीवर देव. शेवटी तळमजल्यावरच्या टॅक्सीवाल्या दादूनं मूर्ती उचलून घेतली आणि दोन बायकांनी वसुधाबाईंना. सगळे हसले, त्याही हसल्या. पण त्या दिवसापासून त्या गाडीत बसल्या नाहीत. चेंबूरला बहिणीकडेही बसनं जायच्या.

यंदा श्रावण लागला तशा त्या म्हणाल्या, "गणपती दादूच्या टॅक्सीतून आणू या. तुम्ही या मागून, तुमच्या गाडीतून."

"तुमच्या" हा शब्द मार्तंडरावांना लागला. गाडी आपल्या एकट्याची कधी झाली ते त्यांना कळलंच नव्हतं. बायको शेजारी नसताना गणपती आणायचा, हे त्यांना काही केल्या पटेना. झक मारत त्यांनी गाडी बदलायचं ठरवलं. मनातून राग होताच. इतकी वर्षं बसत होती, आताच काय झालं हिला?

रविवारी पावसानं उघडीप दिली तशी त्यांनी घरात कुणाला न सांगता देवाचा पाट वर्तमानपत्रात गुंडाळला आणि घाटकोपरला जुन्या गाड्यांचे दलाल भाऊराव यांच्याकडे गेले. नवी गाडी कुठलीही असो, पाट मावला पाहिजे, एवढीच त्यांची अट. म्हणजे पाट आणि झटक्यात वेग घेणारा पिकअप.

"साहेब, आधी तुमची गाडी मला चालवून बघू दे ना," भाऊराव म्हणाले. "तुम्ही बसा बाजूला."

मार्तंडराव डावीकडे गेले, दार उघडलं आणि थबकले. या बाजूनं ते आजवर कधी बसलेच नव्हते. बसले ते धप्पकन खाली गेले. गुडघे हनुवटीशी आले. पाट ठेवायला दुसरी जागा नव्हती, तो मांडीवरच घ्यावा लागला. भाऊराव निघाले ते झकास पिकअप घेत. पहिल्या खड्ड्याला पाटाची कड मार्तंडरावांच्या पोटात घुसली, दुसऱ्याला कमरेतून कळ गेली. पायाशी इंजिनची धग. दोन्ही हात पाटावर, त्यामुळे आधाराला काहीच नाही.

"हळू चालवा हो," ते म्हणाले.

"काय साहेब, तुम्हीच ना हिला अशी चालवता? सगळं घाटकोपर ओळखतं."

मार्तंडरावांनी पाट घट्ट धरला. इतकी वर्षं ही बाई या जागेवर बसली, पाटावर तर देव असायचा, आणि आपण वळणावर वेग घेत "कशी पळते बघ" म्हणत होतो. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

परत आल्यावर भाऊरावांनी मारुतीची किल्ली पुढे केली. मार्तंडरावांनी ती घेतली नाही. "तुम्हीच चालवा," ते म्हणाले आणि पाट घेऊन डावीकडून आत शिरले. मग फियाट झाली, तीही डावीकडूनच. भाऊरावांना वाटलं, साहेबांचं डोकं फिरलं. शेवटी कोपऱ्यात एक दुधी रंगाची अ‍ॅम्बॅसिडर उभी होती. मार्तंडरावांनी तोंड वाकडं केलं, पण बसून बघितलं. खाली जावं लागलं नाही, खुर्चीत बसावं तसे ते बसले. गाडी निघाली तशी डुलत, सावकाश, घाई कसली म्हणत. मांडीवरचा पाट जागचा हलला नाही. लाल गाडीच्या बदल्यात त्यांनी हीच घेतली.

संध्याकाळी सोसायटीत पावाची लादी शिरली तेव्हा गॅलरीतून बायका वाकून बघत होत्या. वसुधाबाई खाली आल्या. त्यांनी गाडीकडे बघितलं, डावीकडून उतरणाऱ्या नवऱ्याकडे बघितलं आणि स्टिअरिंगमागच्या भाऊरावांकडेही.

"माझा पाट सकाळपासून शोधतेय मी," त्या म्हणाल्या. मग गाडीभोवती एक फेरी मारून, "पिकअप कसा आहे हिचा?"

"कुणास ठाऊक. मी चालवलीच नाही. दिवसभर तुझ्या जागेवर बसलो होतो."

पदर खोचून वसुधाबाई आत बसल्या, उतरल्या, पुन्हा बसल्या. मग त्यांनी हात पुढे करून पाट मागितला, मांडीवर नीट ठेवला आणि म्हणाल्या, "दादूला सांगा, टॅक्सी नको. आणि आता तुम्ही चालवा. चेंबूरला जाऊन येऊ."