अर्ध्यावरचा घोडा

ताईने शेवटचा स्क्रू सोडवला, बंदुकीच्या कुशीतून घोड्याची कळ अलगद उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. ही बंदूक पुन्हा आपल्या टेबलावर येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

जुनी ठासणीची बंदूक. पुढून दारू नि गोळी भरायची, गजाने ठासायची, मागे टोपी बसवायची. टोपीवर घोडा पडला की बार. सकाळी एक तरुण मुलगी ती जुन्या चादरीत गुंडाळून घेऊन आली होती. आजोबांची आहे, स्पर्धेत हीच चालवायची, म्हणाली.

"बाबा म्हणतात, हिचा घोडा अर्ध्यावर ओढून ठेवला तरी आपोआप पडतो. कपाटात कुलूप लावून ठेवली होती. त्यांना न सांगता आणलीय."

"आपोआप?"

"हो ना. पूर्वी बाबांच्या हातात असताना एक माणूस गेलाही म्हणे हिच्यामुळे. कळ करणारा कारागीरच कच्चा होता. स्वतःच्याच कामानं मेला बिचारा."

ताईने मान डोलावली आणि उद्या ये म्हणाली. तो बिचारा तिचा धाकटा भाऊ होता. अंगाने काडी आणि जिभेने दुसऱ्याला टोचणारा, म्हणून सगळे त्याला काड्या म्हणत. सरावाच्या मैदानावर वखारवाल्याशी, म्हणजे या मुलीच्या बापाशी, त्याची बाचाबाची झाली आणि थोड्याच वेळात तो छातीत याच बंदुकीची गोळी लागून पडला. घोडा अर्ध्यावर होता, चापाला मी बोटही लावलं नव्हतं, असं वखारवाल्याने रडत रडत सांगितलं. चौकशीला आलेल्यांनी बंदूक उलटसुलट करून पाहिली, उघडली नाही. कळ काड्यानेच केलेली, त्यामुळे दोष आपसूक त्याच्या माथी बसला. वडील त्या बोलण्यानेच खचले आणि गेले. जुनी गिऱ्हाइकं दुकानावरून मान खाली घालून जाऊ लागली. वखारवाल्याचं मात्र मजेत चाललं होतं, आणि ताईने एवढ्या वर्षांत त्याचं एकदाही भलं चिंतलं नव्हतं.

तिने भिंग डोळ्याला लावलं. घोड्याच्या आसावर एक चकती असते आणि तिला दोन खाचा. पूर्ण मागे ओढला की घोडा दुसऱ्या खाचेत बसतो आणि चाप दाबताच पडतो. पहिली खाच अर्ध्यावरची. तिच्यात घोडा असला की चाप कितीही ओढा, तो पडत नाही. ती खाच असते त्यासाठीच. ती झिजली किंवा तुटली तरच घोडा आपोआप पडणार.

खाच झिजली नव्हती. तुटलीही नव्हती. काड्याने घासून गुळगुळीत केलेला तळ, धारदार ओठ, सगळं त्याने सोडलं तसंच होतं. म्हणजे घोडा अर्ध्यावर नव्हताच. कोणीतरी तो पूर्ण मागे ओढला होता, आणि मग चाप.

ताईने चकती वाइसच्या जबड्यात घट्ट केली आणि बारीक कानस खाचेच्या ओठावर टेकवली. चार हात मारले की झालं. मैदानावर घोडा खरंच आपोआप पडेल, त्या बापाचं खोटं ती खरं करून देईल, आणि घरातलं माणूस जातं म्हणजे काय होतं ते त्याला कळेल. बरं वाटलं तिला त्या विचाराने. फार बरं वाटलं.

पण कानस पुढे सरकेना. हा ओठ घासला की काड्याचं काम गेलं. मग वखारवाला खरा, आणि काड्या कायमचा कच्चा. तिने कानस खाली ठेवली. त्या पोरीचा विचार तिच्या मनात त्यानंतर आला, आणि त्यानंतर आला याची तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली तेव्हा मागोमाग वखारवालाही आला. घरी पत्ता लागला होता. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"ती बंदूक मोडीत काढायचीय," तो म्हणाला. "ताई, झालं गेलं..."

ताईने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"वडिलांपासूनची रीत आहे आमची," ती मुलीला म्हणाली. "गिऱ्हाइकानं स्वतः बघून न्यायचं. बंदूक रिकामी आहे. घोडा अर्ध्यावर ठेवलाय. ओढ चाप."

मुलीने ओढला. मग दातओठ खाऊन ओढला. घोडा जागचा हलला नाही.

"वा! काय मस्त दुरुस्त केलंत, ताई!"

"मी नुसतं तेल घातलं. ही खाच माझ्या भावानं पाडली, तेव्हापासून अशीच आहे. तुझ्या बाबांनीही इथंच उभं राहून चाप ओढून पाहिला होता. तेव्हाही घोडा हलला नव्हता."

"चल, उशीर होतोय," वखारवाला म्हणाला.

मुलगी जागची हलली नाही. तिने अंगठ्याने घोडा आणखी मागे ओढला. कट् आवाज झाला. चापावर बोट नुसतं टेकलं तोच घोडा खाडकन पडला. तिने तो पुन्हा अर्ध्यावर आणला, पुन्हा जीव खाऊन चाप ओढला. काही झालं नाही. मग ती सावकाश वळली.

"बाबा, तो माणूस गेला तेव्हा घोडा अर्ध्यावरच होता ना?"

वखारवाल्याने दाराची चौकट धरली.

ताईने टेबलाखालून काड्याचं स्टूल ओढलं, फडक्याने पुसलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

"बसा," ती म्हणाली. "सावकाश सांगा तिला. मला घाई नाही."