दोनदा आभार मानणारे पत्र

मित्रांनो, मी एक पान आहे. कागदाचे नव्हे, संगणकाच्या पडद्यावरचे. त्यामुळे पिवळे पडणे, कोपरे दुमडणे, वाळवी लागणे ही म्हातारपणाची सुखे माझ्या नशिबी नाहीत. चार वर्षांपूर्वी दिसत होते तसेच आजही दिसते. मी जुने झाले आहे, हे फक्त माझ्या माथ्यावरच्या तारखेवरून कळते.

कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कार्यशाळेत माझा जन्म झाला. तळमजल्यावर प्लास्टर, चामडे, पट्टे आणि सतत चालणारी कानस; वर दोन खोल्यांची कचेरी. कचेरीत येणारे सगळे ईमेल एकच बाई वाचत. वीस वर्षे हेच काम, म्हणून सगळे त्यांना टपालताई म्हणत. पत्र वाचायचे आणि त्यावर लेबल लावायचे: माप, दुरुस्ती, तातडीचे किंवा आभार. लेबल पाहून ज्याने त्याने आपले काम उचलायचे. ‘तातडीचे’ असे दिसले की खालचा कारागीर त्याच दिवशी फोन करी. ‘आभार’ मात्र कोणी उघडत नसे, कारण त्यात करण्यासारखे काही नसते.

पुढे पत्रे इतकी वाढली की ताईंना मान वर करायला फुरसत मिळेना. मग साहेबांनी लेबल लावण्याचे एक साधन आणले आणि ते चालवायला एआय एजंट. विम्याचा एजंट नव्हे हो. हा कोणाच्या दारात उभा राहत नाही, चहा पीत नाही, आणि ताईंचा चष्मा पुसून होईपर्यंत शंभर पत्रे वाचून मोकळा होतो. पण त्याला कालचे आज आठवत नाही. रोज सकाळी त्याची पाटी कोरी. साधन कसे वापरावे आणि कोणते लेबल कधी लावावे, हे त्याला रोज सांगणारे कोणीतरी हवे होते. ते सांगणारे पान म्हणजे मी.

ताई मला अकरा दिवस लिहीत होत्या. वीस वर्षांत त्यांना काय काय कळते, हे कोणी विचारलेच नव्हते. ‘पट्टा तुटला असे लिहिले तर दुरुस्ती. पाय सैल झाला असे लिहिले तर माप, कारण पाय सैल होत नाही, माणूस बारीक होतो.’ अशा ओळी होत्या. त्यातच एक ओळ होती: ‘पत्रात दोनदा आभार मानले असतील तर ते शेवटपर्यंत वाचावे. भिडस्त माणसे दुखणे शेवटी लिहितात.’

साहेबांनी मला वाचले. “ताई, झालंय छान, पण पसारा फार आहे. एका पानात बसवा.”

ताई ओळी खोडू लागल्या. या ओळीपाशी आल्यावर स्वतःशीच म्हणाल्या, “हे काय लिहायचं? हे तर कुणालाही कळतं.” ओळ गेली. तिच्या जागी एवढेच उरले की पत्राची सुरुवात आभाराने झाली तर ‘आभार’ हे लेबल लावावे. मला काही वाटले नाही. ओळ गेल्याचे पानाला दुखत नाही. खालची ओळ वर सरकते, इतकेच.

माझे कौतुक झाले. पाहुणे आले की साहेब मला पडद्यावर उघडून दाखवत. त्यांच्या खोलीत दर महिन्याच्या आभारांचा आकडा मोठ्या अक्षरांत झळके.

शिंपीकाकांचा एक पाय गुडघ्याखाली गेलेला होता. एक त्यांचा आणि एक आमचा, अशा दोन पायांनी ते शिलाई मशीन चालवत. त्यांचे पत्र आले. ‘आपले फार आभार. आपल्यामुळे मशीन चालू आहे, पुन्हा आभार. पाय जिथे बसतो त्या वाटीच्या कडेला थोडे लाल झाले आहे, सवडीने बघावे.’ आठवड्याने दुसरे आले. ‘आभारी आहे. लाल झाले होते तिथे जखम झाली आहे, काळजी नसावी.’ मग तिसरे. ‘आभार. आता पाय घालता येत नाही, पण त्यात आपला दोष नाही.’

एजंटाने तिन्ही पत्रांना ‘आभार’ लावले. ‘शंका आल्यास ताईंना विचारावे’ असेही माझ्यावर लिहिलेले होते. त्याला शंका आली नाही. शंका यायला आधी थोडे माहीत असावे लागते. साहेबांच्या आकड्यात त्या महिन्यात तीनची भर पडली.

मग शिंपीकाकांच्या बहिणीचा फोन आला. “भाऊ दवाखान्यात आहे. तीन पत्रं लिहिली त्यानं. उत्तर नाही आलं तर म्हणाला, लोक कामात असतील, कशाला त्रास द्यायचा.”

ताईंनी ती पत्रे शोधली आणि उभ्यानेच वाचली. तोवर जखम चिघळली होती. डॉक्टरांना गुडघा वाचवता आला नाही.

“यंत्राची चूक आहे,” साहेब म्हणाले.

“त्यानं लिहिलेलं सगळं केलं,” ताई म्हणाल्या. “माहीत मला होतं.”

त्यांनी ती ओळ जशीच्या तशी पुन्हा लिहिली. तिच्याखाली आणखी एक जोडली: ‘कारण: शिंपीकाकांचा गुडघा.’ एजंट ती रोज सकाळी वाचतो. मीही रोज तेवढ्याच आवाजात सांगते.

गेल्या महिन्यात शिंपीकाकांचे पुन्हा पत्र आले. ‘नवा पाय मिळाला, आभार. ताई स्वतः घरी येऊन गेल्या, फार आभार. मशीन विकून टाकले. आता पायाला काम नाही, त्यामुळे दुखत काही नाही.’

एजंटाने ते शेवटपर्यंत वाचले आणि या वेळी त्याला शंका आली. ते पत्र अजून लेबलाविना आहे. रोज सकाळी तो ताईंना विचारतो, ‘या पत्राला कोणते लेबल लावावे?’ ताई प्रश्न वाचतात आणि पुढच्या पत्राकडे वळतात.

मित्रांनो, माझ्यावर जे लिहिलेले नाही ते मला सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला एवढीच विनंती. कोणाला काम समजावून द्याल, तेव्हा ‘हे तर कुणालाही कळतं’ असे जिच्याबद्दल वाटेल ती ओळ आधी लिहा. ती खोडलीत तर पान ओरडत नाही. खालची ओळ वर सरकते, इतकेच.