शर्करानाथांचं पान

पेठ वडगावच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं, तरी चपलांचा ढीग फाटकाबाहेर आला होता. व्यासपीठावर नवरानवरीच्या लाल खुर्चीत शर्करानाथ महाराज विराजमान होते. मधुमेह मुळासकट उपटतात म्हणे!

"बच्चा, साखर रक्तात नसते, वासनेत असते!" महाराज माइकवर गरजले. "डॉक्टर रक्त तपासतो, आम्ही आत्मा तपासतो. तुझ्या पॅनक्रियाजचा मेन स्विच आम्ही आता बंद करणार!"

स्विचच बंद केला तर माणूस चालणार कशावर, असं त्रिशलाबाईंच्या मनात आलं. पण नवऱ्यापायी त्या रांगेत बसून राहिल्या. त्यांचे भूपालअण्णा गुऱ्हाळाचे मालक. रस आटवायच्या काहिलीतून उतरलेला प्रत्येक गूळ स्वतः चाखायचे, आणि चाखायचा म्हणजे लिंबाएवढा गोळा. पायाच्या अंगठ्याची जखम काही केल्या भरत नव्हती. साखर अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कोल्हापुरात कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या सुनेनं, आदितीनं, कापलेल्या पायांची चित्रं फ्रिजवर चिकटवली. अण्णांनी त्यांच्यावर कॅलेंडर टांगलं आणि आतली बासुंदी काढली.

अण्णांची पाळी आली. महाराजांनी एक हिरवं पान चावायला लावलं, मंत्र पुटपुटला, पाठीत धपाटा घातला आणि तोंडात गुळाचा खडा कोंबला.

अण्णांचं तोंड वाकडं झालं. "माती हाय की ही!"

"गेली साखर! आता गोळ्या कशाला?"

जयजयकार झाला. अण्णांनी खिशातली गोळ्यांची पाकिटं समोरच्या घंगाळात टाकली. घंगाळ आधीच शिगोशिग भरलं होतं. त्रिशलाबाईंनाही प्रसादाचं पान मिळालं, पण चतुर्दशीचा उपास असल्यानं त्यांनी ते पदराच्या गाठीत बांधलं.

तिथून दोघं थेट गुऱ्हाळावर आले. सयाजी गुळव्यानं नुकताच गूळ उतरवला होता. सवयीनं अण्णांनी गोळा तोंडात टाकला आणि थुंकले.

"सयाजी, गूळ हाय का चिखल?"

"सोन्यावानी गूळ हाय, मालक!"

दोघांची चांगलीच जुंपली. अर्ध्या-पाऊण तासानं सयाजीची चूक त्याच्या पदरात घालायला अण्णांनी तोच गूळ पुन्हा चाखला, तर गोड! आनंदाच्या भरात त्यांनी आणखी दोन गोळे खाल्ले आणि मग डोकं धरून बसले.

"माझीच श्रद्धा कमी पडली. उद्या जाऊन मोठं पान मागतो."

कॉलेजातून परतलेली आदिती तेवढ्यात तिथं पोचली. तिनं सगळं ऐकून घेतलं, सासूच्या पदरातलं पान सयाजीच्या हातात दिलं आणि म्हणाली, "चावा."

"मंत्र?"

"मंत्र नाही, धपाटाही नाही."

सयाजीनं पान चावलं, वर गूळ खाल्ला आणि टुणकन उडी मारली. "आयला! मालकांची माती माज्या तोंडात कशी आली?"

"हा गुडमारचा पाला. जिभेला काही वेळ गोड कळत नाही, एवढंच. रक्तातली साखर जागच्या जागी." तिनं पर्समधून साखर मोजायचं यंत्र काढून अण्णांच्या बोटाला टोचलं. आकडा बघून अण्णांचा चेहरा उतरला.

"व्हय गं, पण मग गूळ सुटायचा कसा? मला न्हाय जमत, पोरी."

आता मात्र त्रिशलाबाईंचा संयम सुटला. "न्हाय जमत? जैनाच्या पोटी जन्मलासा, दिवस मावळल्यावर जन्मात कधी घास घेतलासा का? लेकाच्या लग्नात पंगत लांबली, तर नवऱ्याचा बाप उपाशी झोपला की! तवा कुठल्या महाराजानं पान दिलं हुतं?"

आदिती सासूकडे बघतच राहिली.

"आत्ती, मी हेच वर्गात शिकवते आणि घरात विसरले. नुसती भीती घातली की माणूस चित्रावर कॅलेंडर टांगतो. आपल्याला जमतं, हे त्याला पटायला हवं. आणि मोहाची वेळ आली की काय करायचं, ते आधीच ठरलेलं हवं. मामा, गूळ उतरला की चव सयाजीकाका घेतील. तुम्ही फक्त रंग बघायचा."

"आन् चुकलो तर?"

"तर पुढच्या काहिलीला पुन्हा पाळायचं. एकदा चुकलं म्हणून सगळी ढेप संपवायची नाही."

"ह्या पानाची येल तर आपल्या वढ्याकाठी हाय," सयाजी अजून थुंकत म्हणाला.

दुसऱ्या सकाळी मंगल कार्यालयाच्या फाटकात अण्णा पानांची न् गुळाची पाटी घेऊन उभे. "घ्या पावणं, बिनमंत्राचं पान घ्या!" ज्यानं त्यानं पान चावून गूळ खाल्ला. साऱ्यांच्या तोंडात माती, आणि थोड्या वेळानं साऱ्यांच्या तोंडात पुन्हा गूळ. लोक घंगाळाकडे धावले. ज्याला आपली गोळी ओळखता आली त्यानं ती घेतली, बाकीचे सरळ दवाखान्याकडे गेले. महाराज स्वयंपाकघराच्या दारानं कधीच पसार झाले होते, एक चप्पल टाकून.

तेव्हा बाबांनो, जीभ फसली म्हणून आजार फसत नाही. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. आणि सवय सोडायचं बळ बाहेरून आणायला जाऊ नका. घरच्यांना विचारा, ते तुमच्यात कुठं आहे हे त्यांना ठाऊक असतं.

त्याच दिवशी भर दुपारी गूळ उतरला. सयाजीनं सवयीनं लिंबाएवढा गोळा पुढं केला. अण्णांचा हात अर्ध्यापर्यंत गेला. त्यांनी डोक्यावर तळपणाऱ्या उन्हाकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं.

"सयाजी, दिवस मावळलाय," अण्णा म्हणाले. "चव तू घे."