मॉडेल नंबर नसलेला प्रश्न

‘लिफ्ट थांबली तरी केबिन बोटभर खाली सरकते. खालच्या खड्ड्यात उतरू का?’

या प्रश्नाला कुणीच उत्तर दिलं नाही, कारण तो कुणाला दिसलाच नाही. मी तो अडवला. मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांच्या ऑनलाइन चर्चामंचावरचा नियम क्रमांक चार बोलतोय.

मला लिहिलं फोरमनकाकांनी. मंच त्यांनीच सुरू केलेला. तेव्हा जो तो अंदाजपंचे सल्ले द्यायचा. असाच एक सल्ला ऐकून कुणीतरी भलतीच वायर जोडली आणि हात भाजून घेतला. त्याच संध्याकाळी काकांनी मला टांगलं: ‘मॉडेल नंबर, वर्ष आणि फोटो नसलेला प्रश्न दाखवला जाणार नाही.’

भांडणं कमी झाली. माझं कौतुक झालं, मीही जरा फुगलो. ज्याला घाई असते त्याचे हात ग्रीसने भरलेले असतात, नंबर शोधायला त्याला सवड नसते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

खड्ड्याचा प्रश्न दोन भावांतल्या थोरल्याचा होता. मी ठरलेलं उत्तर पाठवलं, ‘कृपया मॉडेल नंबर लिहा.’ त्याने थोडी वाट पाहिली आणि तो खाली उतरला. परत वर आला नाही.

दोन आठवड्यांनी धाकट्या भावाने थोरल्याचा तडा गेलेला फोन उघडला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“भाऊजी, ठेवा तो फोन. काय मिळणार आहे आता?”

“वहिनी, दादाने विचारलं होतं! कुणी हूं की चूं केलं नाही!”

धाकटा सातवीपर्यंत कसाबसा शाळेत टिकलेला, पण डोकं तापलं की बोटं थांबत नाहीत. त्याने लिहिलं, ‘माझ्या दादाला उत्तर का नाही दिलं?’ मी म्हटलं, कृपया मॉडेल नंबर लिहा. त्याने शिवी घालून पुन्हा लिहिलं. मी पुन्हा तेच म्हटलं. असं सोळा वेळा.

सतराव्या वेळी त्याने सगळे रकाने भरले. मॉडेल: माझा दादा. वर्ष: एकतीस. फोटोत दादा होता, खांद्याला हत्यारांची पिशवी, तोंडभर हसू.

आता मला अडवता येईना.

सगळ्यांनी वाचलं. मग वाद पेटला. धाकटा म्हणाला, “हा नियमच उखडून टाका!”

काकांनी लिहिलं, “पोरा, दुःख कळतं रे. पण उद्या पुन्हा कुणाचा हात भाजला तर?”

तेव्हा कंट्रोल पॅनलचं काम करणाऱ्या ताई बोलल्या, “काका, ‘खाली उतरू नकोस’ एवढं सांगायला मॉडेल नंबर कशाला हवा हो?”

 तासाभराने काकांनी एवढंच लिहिलं, “चुकलं माझं. घे पोरा, नियम तुझ्या हाती दिला. पुसायचा तर पूस.”

धाकटा मला पुसणारच होता. तेवढ्यात माझ्याकडे अडकलेला एक नवा प्रश्न त्याला दिसला: ‘केबिन दोन मजल्यांच्या मध्ये, आत बाई अडकल्यात. ओढून काढू का?’ ना नंबर, ना फोटो. त्याने तो लगेच मंचावर सोडला.

“ओढू नका! आधी मेन स्विच बंद करा!” ताईंचं उत्तर मिनिटभरात आलं. मागोमाग काका मॉडेल विचारू लागले, एकेक पायरी सांगू लागले. अर्ध्या तासाने विचारणाऱ्याने कळवलं, “सुखरूप बाहेर आल्या. मलाच ओरडतायत, एवढा वेळ का लावला म्हणून.”

धाकटा कितीतरी दिवसांनी हसला. मग त्याने दादाचा प्रश्न उघडा केला आणि खाली उत्तर लिहिलं, “नको उतरू, दादा.”

मला त्याने पुसलं नाही. चुका सुधारत, वहिनीला दोनदा वाचायला लावून, त्याने मला नव्याने लिहिलं. मंचावर येणाऱ्या प्रत्येकाला मी आता असा दिसतो:

‘घाई असेल तर अर्धवटच विचारा. बाकीचं आम्ही विचारून घेऊ. तोवर खाली उतरू नका.’